सामानाकडे कोण बघणार

घराबाहेर पडलेल्या कुठल्याही टोळक्यात एकाने सामानापाशी बसायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नाही. आमच्या घरात ते काम माझ्याकडे कधी आलं ते आठवत नाही, एवढं खरं की आल्यावर ते परत कोणी मागितलं नाही. स्टेशनवर सगळे चहा प्यायला जायचे, मी सामानापाशी. समुद्रावर सगळे पाण्यात, मी चपला आणि घड्याळं सांभाळत वाळूत. माझ्या स्वतःच्या लग्नात, कार्यालय सोडायच्या वेळी मामा म्हणाले, "तू जरा बॅगांकडे बघ, आम्ही गाडी लावून येतो." अंगावर नवरदेवाचा पोशाख होता. मी बसलो. बायको म्हणते, त्या दिवसात पहिल्यांदा आम्ही दोघं शेजारी निवांत बसलो ते तिथेच. हे ती कौतुकाने म्हणते की कसं, ते मी अजून विचारलेलं नाही.

तर असा मी, नकाशा विभागात अठरा वर्षं घासल्यावर, ऑफिसच्या खर्चाने एक वर्ष परदेशी शिकायला गेलो. शहररचनेचा अभ्यासक्रम. ऑफिसात निरोप समारंभ झाला, साहेब माझ्याबद्दल बरं बोलले, आणि पास होऊन आलास तर विभाग तुझ्याकडे, असंही सगळ्यांसमोर म्हणाले. नापास झालास तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला आपोआप कळलं.

वर्गात सगळे माझ्या निम्म्या वयाचे. त्यात कोणी वाईट नव्हतं. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. ती पोरं माझ्याशी इतकं छान वागायची की दार उघडून धरायची, मी आत गेलो की दार सोडून आपल्या गप्पांत जायची. आणि मग कोर्सच्या बाईंनी जाहीर केलं की शेवटचा प्रकल्प गटाने करायचा आहे, गट तुमचे तुम्हीच पाडायचे, आणि ज्याला गट नाही त्याला गुणही नाहीत. शाळेत मैदानावर दोन कप्तान एकेक खेळाडू मागून घ्यायचे आणि शेवटी मी उरायचो, तो खेळ परत सुरू झाला. फक्त आता माझ्यामागे एक बायको, एक मुलगी आणि सबंध नकाशा विभाग उभा होता.

मी बाईंच्या केबिनमध्ये जाऊन अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, सहलीला जा. विद्यार्थ्यांचं गिर्यारोहण मंडळ दरवर्षी या वर्गाला डोंगरात नेतं, आणि दरवर्षी गट तिथेच पडतात, इथे नुसते जाहीर होतात. हे एखाद्या सरकारी खात्यातलं गुपित सांगावं तसं त्यांनी दार लोटून घेऊन सांगितलं. मी तिथल्या तिथे डोंगर चढायचं ठरवलं. आमच्या ऑफिसात लिफ्ट बंद पडली की मी फाइल खाली मागवतो, हा मुद्दा मी त्या क्षणी विचारात घेतला नाही.

बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. माझ्या खोलीतला भागीदार आपल्याच भाषेचा, सात वर्षं संशोधन करत असलेला. त्याला सगळे आधीपासूनच डॉक्टर म्हणायचे, म्हणजे पदवी मिळण्याची घाई त्यालाही उरली नव्हती. डॉक्टर सात वर्षांत कुठल्याही डोंगरावर गेला नव्हता, त्यामुळे त्याला डोंगरांबद्दल सगळं माहीत होतं. तो म्हणाला, कमीत कमी सामान न्यायचं. मग त्याने स्वतः मला एक यादी तोंडी सांगितली, त्यात दोरी, मेणबत्ती, सुईदोरा आणि एक जास्तीची उशी होती. तळमजल्यावरच्या घरमालकीणबाईंचं म्हणणं पडलं की ज्यांना घर नाही त्यांनी डोंगरावर झोपावं, तुम्ही तर भाडं भरता. फोनवर मेहुणा म्हणाला, भाओजी, शिखरावर पोचल्यावर हात पसरून एक फोटो काढा, बाकी तुम्ही काय केलं ते कोणी विचारणार नाही. बायको एवढंच म्हणाली, "पाय जपा. आणि जरा लोकांत मिसळा हो. एकटे एकटे बसू नका."

मग आलं मंडळाचं ऑफिस. तिथला कारकून गोड बोलून माणसाला रडवणाऱ्यांपैकी होता. बूट त्यांच्याकडूनच घ्यायचे, आणि उतरताना बोटं पुढे सरकतात म्हणून एक माप मोठे घ्यायचे. माझं माप संपलं होतं, त्याच्यापुढचंही संपलं होतं, म्हणून मला त्याच्याही पुढचे मिळाले. ते घालून मी चाललो की आधी मी निघायचो आणि मग बूट निघायचे. त्यानंतर तो म्हणाला, काही झालं तर कळवायचं कोणाला? मी बायकोचं नाव सांगितलं. ती कुठे असते? मी देश सांगितला. त्याने लेखणी खाली ठेवली. इथलं कोणी नाही का? मी घरमालकीणबाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, डोंगरातल्या भानगडीत माझं नाव नको. डॉक्टर म्हणाला, माझा फोन बहुतेक बंद असतो. कारकुनाने आतल्या साहेबांना बोलावलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतक्या वयाच्या माणसाला या गावात एकसुद्धा माणूस नाही, हा मी त्यांच्या नियमांचा मुद्दाम केलेला भंग होता.

शेवटी साहेब शांतपणे म्हणाले, "असं विचारतो. तुम्ही हरवलात, तर तुम्ही कुठे असाल हे सगळ्यांत नेमकं कोण सांगेल?"

"बायको," मी म्हणालो. नाइलाज झाल्यासारखं त्यांनी तिचंच नाव घातलं.

पहाटे गाडी निघाली. पंधरा जणं. म्होरकी आमच्याच वर्गातली एक मुलगी, गळ्यात सदैव शिट्टी, म्हणून मी तिला मनातल्या मनात शिट्टीच म्हणायचो. माझ्या शेजारी बसला वर्गातला एक लंबूटांग मुलगा. हा वर्गातही माझ्या बाकावर बसायचा, पण उंचीमुळे माझ्या डोक्यावरून बघायचा. त्याला मी खांब म्हणतो. गाडीत त्याचा पाय माझ्या जास्तीच्या उशीवर पडला, त्याने माफी मागितली, मी उशी त्यालाच दिली, आणि आमची दोस्ती झाली. डॉक्टरचं सात वर्षांतलं हे एकमेव यशस्वी संशोधन.

चढ सुरू झाला तसा मी मागे पडलो. दर दहा पावलांनी बूट सांभाळायला थांबावं लागे. पण खांब माझ्यासाठी थांबत होता, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. त्याने मला नकाशा विभागाबद्दल विचारलं. मी अठरा वर्षांत पहिल्यांदा ऐकून घेणारा माणूस मिळाल्यासारखा बोलत सुटलो. मोजणीत चूक कुठे शिरते, उतारावर पट्टी कशी धरायची, सगळं. तो म्हणाला, "हे आम्हाला कोणालाच येत नाही. आमच्या गटात एक जागा आहे. वर गेलो की सगळ्यांना विचारतो."

मला त्या चढावर, दम लागलेला असताना, अक्षरशः गाणं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. पण बायकोला फोनवर काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवायला लागलो होतो.

शिखराच्या थोडं खाली एक सपाट जागा आली. शिट्टीने शिट्टी वाजवली आणि सांगितलं की शेवटचा टप्पा उभा आहे, तेव्हा सॅक इथेच ठेवायच्या आणि हलकं होऊन वर जायचं. सगळ्यांनी सॅक खांद्यावरून उतरवल्या आणि टाकल्या. ठेवल्या नाहीत, टाकल्या. काहींची तोंडं उघडी, एकीतून कॅमेऱ्याचा पट्टा लोंबत होता, दुसरीच्या वरच कोणी घड्याळ काढून ठेवलं होतं. आणि हे असं सोडून पंधराच्या पंधरा जणं डोंगरावर चालायला लागणार होती.

मी वाट बघितली. कोणीतरी विचारेल. आमच्याकडे विचारतातच. सामानाकडे कोण बघणार? पण कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी म्हणालोही असतो, की आज दुसरं कोणीतरी बसा, मला वर काम आहे. पण न विचारलेल्या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं? माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "तुम्ही व्हा पुढे. मी आहे इथे."

शिट्टीला वाटलं मी दमलो. तिने माझ्या पाठीवर थोपटलं. खांब दोन पावलं परत आला आणि म्हणाला, अरे चल ना, इथे कोण काय नेणारे? मी म्हणालो, तसं नसतं. त्याला ते कळलं नाही, आणि मलाही त्याच्या भाषेत पटवून देता आलं नाही. तो म्हणाला, वर बोलायचं होतं ना आपल्याला. मी म्हणालो, तू बोल, तुझ्यावर सोडलं. तो गेला. मी एका दगडावर बसलो आणि सॅक मोजल्या. माझी धरून पंधरा. मोजून झाल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा आता मला इतका राग येतो की काय सांगू.

एकट्याने बसलो तर बसलो, पण हवेला ते बघवलं नाही. अर्ध्या तासात ढग खाली आले आणि बारीक पाऊस सुरू झाला. सामान भिजणार. यात विचार करण्यासारखं काहीच नसतं. थोडं खाली, वाटेपासून बाजूला, मेंढपाळांचा एक दगडी आडोसा येताना मी हेरून ठेवला होता. सवय. कुठेही गेलो की मी आधी सावली आणि छप्पर बघतो. दोन-दोन सॅक उचलून मी त्या तिकडे न्यायला लागलो. बूट चिखलात राहायचा आणि मोजा पुढे जायचा. शेवटच्या खेपेला मी स्वतःही बसलो घसरून, पण सॅक वर धरलेली होती, तिला काही झालं नाही. आत जमीन ओली होती, म्हणून माझी सॅक आडवी करून तिच्यावर बाकीच्या रचल्या. घड्याळ खिशात ठेवलं. कॅमेरा माझ्या स्वेटरात गुंडाळला. मग दारात बसलो.

काही वेळाने वरून शिट्टी ऐकू आली. मग पुन्हा. मी ओरडलो, पण वारा माझ्याकडून त्यांच्याकडे जायला तयार नव्हता. शिट्टी वाजतच राहिली. आता कोणीही म्हणेल, उठून वर जायचं. पण सामानापाशी बसणाऱ्याने काही झालं तरी जागा सोडायची नसते. लहानपणी एकदा वडील हाक मारत होते म्हणून मी उठून गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं होतं, की मी हाक मारली म्हणून काय झालं, सामान कोणाच्या भरवशावर टाकलंस? तेव्हापासून मी हाकेला उठत नाही.

तिकडे वर काय झालं ते मला नंतर कळलं. मंडळी खाली आली, तर सॅक नाहीत आणि मी नाही. उबेचे कपडे सॅकमध्ये, खाणं सॅकमध्ये, सगळी कुडकुडायला लागली. शिट्टीने बचाव पथकाला फोन लावला. एक माणूस आणि पंधरा सॅक बेपत्ता, असं तिने कळवलं. त्यावर पोरांपैकी कोणीतरी म्हणालं की तो सॅक घेऊन गेला तर नसेल? हे खांबाने मला पुढे हसत हसत सांगितलं, गंमत म्हणून. पंधरा सॅक घेऊन, दोन मापं मोठ्या बुटांत, डोंगर उतरून पळणारा चव्वेचाळीस वर्षांचा चोर. मीही हसलो. रात्री खोलीवर आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

लाल जाकिटं घातलेली माणसं आली. कुत्रंही आणलं होतं. त्याला हुंगवायला माझी एखादी वस्तू हवी होती, पण माझ्या सगळ्या वस्तू माझ्याबरोबर बेपत्ता होत्या. ते दरीच्या बाजूला शोधत राहिले, कारण डोंगरात हरवलेला माणूस दरीकडे जातो असा त्यांचा अनुभव. शेवटी पथकाच्या प्रमुखाने मंडळाच्या ऑफिसकडून नंबर घेऊन थेट माझ्या घरी फोन लावला.

बायको तेव्हा शाळेत शिकवून घरी येऊन चहा ठेवत होती. परक्या माणसाने परक्या भाषेत सांगितलं की तुमचे पती डोंगरात सापडत नाहीत. मुलगी सांगते की आईने गॅस बंद केला, खुर्चीत बसली, आणि रडायच्या आधी एकच विचारलं: त्यांच्याबरोबर सामान होतं का? होतं, सगळ्यांचं, तेही सापडत नाही, असं उत्तर आलं. तशी ती उठली आणि तिने चहा परत चढवला. तिने त्याला सांगितलं, "मग माणसाला शोधू नका. सामान शोधा. पाऊस आहे का तिकडे? मग जवळपास कोरडी जागा कुठली आहे ते बघा. ते तिथे आहेत."

दहा मिनिटांत लाल जाकीट माझ्यासमोर उभं होतं. त्याने विचारलं, ठीक आहात ना? मी म्हणालो, सगळ्या पंधरा आहेत, मोजून घ्या. त्याने त्या मोजल्या नाहीत. मागून पोरं आली, सॅक ओढून स्वेटर काढून घालायला लागली. कोणी रागावलं नाही. राग यायला माणूस मोठा वाटावा लागतो. शिट्टी म्हणाली, पुढच्या वेळी निदान एक चिठ्ठी तरी दगडाखाली ठेव. मी खांबाकडे बघितलं. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती, पट्टे होते.

उतरताना त्याने मला सांगितलं. वर शिखरावर सगळ्यांनी गोलात बसून गट पाडले होते. मी त्यांच्या गटात हवा असं तो म्हणणार होता. पण तिथे एक मुलगी त्याच वेळी "मला घ्या" म्हणाली, आणि ती समोर बसलेली होती. समोर बसलेल्याला नाही कसं म्हणायचं? मला त्याचं म्हणणं पटलं. पटलं हाच त्रास.

पुढच्या आठवड्यात बाईंनी वर्गात गट वाचून दाखवले आणि विचारलं की राहिलेल्या एकाला कोण घेईल. राहिलेला एक म्हणजे मी. मी वहीत एक त्रिकोण काढला, मग त्याला छायाही दिली. मला साहेबांचा निरोप समारंभातला आवाज ऐकू यायला लागला. तेवढ्यात शिट्टीचा हात वर गेला.

"आम्ही घेतो," ती म्हणाली. "आमची जागा शहराबाहेर आहे आणि मोजणीचं सामान खूप आहे. तो बघेल."

त्याबरोबर खांबाच्या गटानेही हात वर केला. मग मागच्या बाकावरचा गट म्हणाला, आमचं तर सामान त्यांच्याहून जास्त आहे. आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्यावरून भांडत होती. बाईंचे डोळे भरून आले, त्या म्हणाल्या, बघितलंत, मी म्हटलं नव्हतं, सहलीचा फायदा होतो? शेवटी शिट्टीने जिंकलं.

दोन महिने ती पोरं दुर्बीण लावून वेडीवाकडी मोजमापं घेत होती, आणि अठरा वर्षं तेच काम करून झिजलेला मी झाडाखाली तिपाईच्या पेट्यांपाशी बसलो होतो. एकदा मी उठून सांगायला गेलो की उतारावर पट्टी अशी धरत नाहीत. शिट्टीने प्रेमाने ऐकून घेतलं आणि विचारलं, पेट्या कोणाकडे ठेवून आलास? मी परत गेलो.

सादरीकरणाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. गटाचं नाव पुकारलं तशी चौघं उठली, कोट काढले, बॅगा माझ्या शेजारच्या खुर्चीवर टाकल्या, आणि जाता जाता शिट्टी म्हणाली, बघशील ना? पाचवी खुर्ची मंचावर रिकामीच होती. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, एका हाताने जमेल तेवढ्या, कारण दुसरा हात बॅगांच्या पट्ट्यांत होता. पास झालो. गुण चांगले पडले. विभाग आता माझ्याकडे येईल.

संध्याकाळी घरी फोन केला. बायकोने विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, उत्तम. तिने विचारलं, तुम्ही काय बोललात वर? मी म्हणालो, मी वर नव्हतो, खाली होतो, बॅगा होत्या ना सगळ्यांच्या.

तिकडे तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"एकदा तरी उठायचं होतं हो," ती म्हणाली. "त्या माणसाला मी डोंगरावर तुमचा पत्ता सांगितला ना, सगळे म्हणाले किती ओळखते नवऱ्याला. मी रात्री उशीत तोंड घालून रडले. एकदा तरी मला चुकीचं ठरवायचं होतं तुम्ही."

मला तिला सांगायचं होतं की मी उठणार होतो. त्या सभागृहात, नाव पुकारलं तेव्हा, मी अर्धा उठलोही होतो. पण चौघांच्या बॅगा एकावर एक होत्या, माझी नेहमीप्रमाणे सगळ्यांत खाली होती, आणि ती ओढून काढली असती तर सगळ्यांचं सामान खाली पडलं असतं.